जवसाचं तेल आणि बाईंचा पाय

आज सकाळी सूनबाईनं कढईत जवसाचं तेल तापवलं आणि इकडे खाटेवर बसल्या बसल्या माझा डावा पाय आपोआप खाली दाबला गेला. पायाखाली फरशी, तिथं क्लच कुठून येणार? पण पायाला कोण समजावणार. सूनबाईनं विचारलं, पायात गोळा आला काय? म्हटलं, नाई बाई, गोळा नाई, सिझन आला.

कापसाचा सिझन आला हे कळायला आमच्याकडे शेतात जावं लागत नसे. रस्ताच सांगायचा. बैलबंड्या भरभरून जिनिंगच्या कारखान्याकडे निघाल्या की दोन्ही बाजूंच्या बाभळी येताजाता चिमूट चिमूट कापूस ओढून घ्यायच्या, आणि महिन्याभरात अख्खा रस्ता असा दिसायचा की बाभळीलाच बोंडं फुटली. चिमण्या तो कापूस घरट्याला न्यायच्या, म्हाताऱ्या बायका वातीला न्यायच्या. आता बंड्याही गेल्या आणि बाभळीही गेल्या. तरी परवा बसमधून येताना एका उरल्यासुरल्या बाभळीच्या काट्यावर पांढरं काही दिसलं आणि मी खिडकीतून मान बाहेर काढली. कंडक्टर ओरडला. ओरडू दे. त्यानं बुटकी पाहिली नाही.

बुटकी म्हणजे मोटार. दोन माणसांची, बिनछपराची, हिरवी, जमिनीला पोट टेकलेली विलायती स्पोर्ट गाडी. लष्करी डेपोतला कुणी गोरा साहेब जाताना विकून गेला, मग एका मालगुजाराच्या पोरानं हौस म्हणून घेतली, हौस फिटल्यावर ती दोन वर्षं गोठ्यात उभी राहिली आणि तिथून आमच्या डॉक्टरीणबाईंनी ती उचलली. नाव सुमतीबाई. पुण्याकडच्या, तिशी-बत्तिशीच्या, एकट्या. पुलगावात बायकांचा दवाखाना चालवायच्या आणि आठवड्यातून दोनदा आंजीच्या खेड्याला जायच्या. बंडीनं गेलं तर जाण्यायेण्यातच दिवस जातो, आणि बाळ काही बंडीची वाट पाहत थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मोटार. आणि मोटार म्हणजे ही. गावानं पहिले आठ दिवस तोंडात बोटं घातली, मग नाव ठेवलं, मग सवय झाली. कुठल्याही नव्या गोष्टीचं आमच्याकडे याच क्रमानं होतं.

माझं टिनाचं शेड स्टेशनकडून कापडगिरणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी डेपोच्या मोटारखात्यात सहा वर्षं काढली होती, लष्करी ट्रकांची पोटं उघडून पाहिली होती, त्यामुळे मोटारीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. तोंडाळ मी जन्माचाच. शेडच्या दाराशी खाट टाकून माझा बाप बसलेला असे. आंजीच्या मालगुजाराची बंडी तीस वर्षं हाकलेला माणूस. गुडघे गेले म्हणून माझ्याकडे आला, पण मोटारीशी त्याचं कधी जमलं नाही. बैल बोलते तरी, तुह्या मोटारी तं नुसत्या कुथते, म्हणायचा.

हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. आल्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं कोनाड्यातले देव काढले. पण गंमत अशी की त्यानंतर वर्षभर, घराबाहेर पडताना, त्याचा हात त्या रिकाम्या कोनाड्याकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. मग तो स्वतःशीच हसायचा. तोंडाला नवं लवकर शिकवता येतं, हाताला वेळ लागतो. हे मला तेव्हा त्याच्या हातापुरतं दिसलं. माझ्याही हाताचं तेच आहे हे कळायला बुटकीचं पोट उघडावं लागलं.

तर झालं असं, की त्या उन्हाळ्यात मी बुटकीची क्लचप्लेट बदलली होती. प्लेट मुंबईहून पार्सलानं आली. ती बसवून दिल्यावर गाडी महिनाभर लोण्यासारखी चालली आणि मी चौकात छाती काढून हिंडलो. मग चिखल झाला, आंजीचा रस्ता बंद पडला, आणि बुटकी चार महिने ताडपत्रीखाली झोपली. दिवाळीला तिला बाहेर काढलं आणि पहिला गिअर टाकताना अशी खर्रकन ओरडली की समोरच्या हॉटेलातल्या माणसाच्या हातून कप निसटला.

त्या दिवसापासून सुरू झालं. उभ्या गाडीला पहिला गिअर टाकायचा म्हणजे दात करवतावेत तसा आवाज. रिव्हर्स तर पडायचाच नाही. पडलाच तर गाडी अशी दचकून उडायची की बाईंच्या पिशवीतल्या बाटल्या खणखणायच्या. आणि आमच्या गावाचं निदान तयारच होतं. बाईंच्या कंपौंडरनं सांगितलं, बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं, ज्यानं जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता त्या पानवाल्यानंही सांगितलं, की बाईमाणसाचा पाय, क्लच पुरता दबत नसेल. मी पेडलखालचा दांडा तपासला, ढिलाई बोटाच्या मापानं बरोबर होती, सगळं नीट होतं. मग मीही तेच म्हणालो. तेही एकदा नाही. शेडमध्ये, चौकात, बसस्टँडवर, जो विचारील त्याला. मिस्त्रीच म्हणतो म्हटल्यावर मग काय, शिक्काच बसला.

आज ते आठवलं की कान गरम होतात. कारण बाईंनी ते खरं मानलं. ज्या बाईनं अडलेल्या बाळांना ओढून जगात आणलं, तिनं माझ्यासारख्या टिनाच्या शेडातल्या माणसाचं ऐकून स्वतःच्या पायावर संशय घेतला. आधी पाठीमागे उशी लावली, म्हणजे पाय आणखी पुढे पोचेल. मग रोज सकाळी दवाखान्याच्या आवारात उभ्या गाडीत बसून पेडल दाबायचा सराव. आणि एक दिवस मी पाहिलं, त्यांनी पट्ट्याच्या चपला काढून मागे टाकल्या होत्या आणि अनवाणी गाडी चालवत होत्या. म्हणाल्या, चपलेमुळे अंदाज येत नसेल कदाचित. पेडल लोखंडाचं, थंडीचे दिवस. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हेच जास्त वाईट.

मग आंजीच्या अलीकडे नाल्याचा चढ आहे तिथं ती गोष्ट झाली. अरुंद रस्ता, समोरून कापसाच्या आठ बंड्या. भरल्या बंडीला चढावर फार वेळ थांबवता येत नाही, मागं तर घेताच येत नाही. मागं घ्यायचं ते मोटारीनं. बाईंनी रिव्हर्स टाकायला घेतला, बुटकी किंचाळली, बैल बुजले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेवटी गाडीवान खाली उतरले, चौघांनी पुढून आणि चौघांनी मागून धरलं आणि बाईंसकट गाडी उचलून बाभळीखाली ठेवली. वर म्हणाले, बाई, तुम्ही बसूनच राहा, वजन नाई तुमचं. चांगल्या मनानं म्हणाले बिचारे. पण बाभळीखाली बसलेल्या त्या बाईच्या डोक्यावर वरून कापसाचे पुंजके पडत होते आणि आठ बंड्या एकामागून एक तिच्याकडे पाहत निघून गेल्या. हे मला त्याच गाडीवानांनी हसत हसत सांगितलं, आणि मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी बाई शेडमध्ये आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. संक्रांतीनंतर गाडी विकायची ठरवलीय, म्हणाल्या. नागपूरला गिऱ्हाईक आहे, तेवढी तिला बघण्यासारखी करून द्या. मी विचारलं, मग आंजी? तर म्हणाल्या, जमेल तेव्हा बंडीनं जाईन. जमेल तेव्हा म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आंजीला माझी मोठी बहीण होती, तिच्या दोन लेकरांच्या वेळी बाईंची बुटकीच दारात उभी राहिली होती. जाताना बाई वळून म्हणाल्या, "काही गोष्टी आपल्याला येत नाहीत हे मान्य करायला हवं, नाही का?" आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

ती किल्ली हातात आली म्हणून झालं सगळं. तोवर त्या दोन महिन्यांत मी बुटकी स्वतः चालवून पाहिलीच नव्हती. काऊन पाहायची? निदान झालं होतं ना. आता नागपूरला दाखवायची म्हणून मी चाकावर बसलो, क्लच दाबला, चांगला मांडीच्या जोरावर फळीला टेकेपर्यंत दाबला, आणि पहिला गिअर टाकला.

खर्रर्र.

माझा पाय बाईमाणसाचा नव्हता. डेपोचे ट्रक चालवलेला पाय होता. मी पुन्हा दाबला. पुन्हा तेच. खाटेवरून बाप म्हणाला, "आता कोनाचा पाय हाय रे?"

मग मला जे पहिल्या दिवशी करायचं सुचायला हवं होतं ते सुचलं. इंजिन बंद केलं आणि गिअर टाकून पाहिले. एक, दोन, तीन, चार, रिव्हर्स, सगळे बिनआवाज, तुपात बोट जावं तसे. म्हणजे गिअरपेटीला काही झालेलं नव्हतं. पुन्हा इंजिन चालू केलं, क्लच दाबून धरला, मनात दहा आकडे मोजले, म्हणजे आतलं फिरणारं सगळं थांबायला हवं, आणि मग रिव्हर्स टाकला. तरी किंचाळली. म्हणजे पेडल दबत होतं, दांडा हलत होता, पण आत प्लेट सुटत नव्हती. लोकांना वाटतं क्लचचं काम धरायचं. धरणं सोपं आहे हो, ते स्प्रिंगा करतात. वेळेवर सोडणं हे क्लचचं खरं काम. आणि ही प्लेट कशाला तरी धरून बसली होती.

दोन दिवसांनी गिअरपेटी उतरवून पोत्यावर ठेवली. शाफ्टला उभ्या खाचा असतात, प्लेट त्यांच्यावरून केसभर मागंपुढं सरकली पाहिजे. मी प्लेट शाफ्टवर चढवून हातानं सरकवली, हलेना. अडकली तशीच राहिली. खाचांमध्ये तपकिरी, चिवट काहीतरी भरलं होतं, बाभळीच्या डिंकासारखं. नखानं खरवडलं, बोटावर घेतलं, नाकाशी नेलं.

जवस.

जवसाचं तेल तिथं कसं आलं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यात प्लेट बसवताना ग्रीसचा डबा संपला होता. खुंटीला बापाचा ओंगणाचा बांबूचा नळा टांगलेला होता. ओंगण म्हणजे बंडीच्या आसाला द्यायचं तेल. पहाटे बंडी जुंपायच्या आधी चाक जरासं ओढायचं आणि तेलात बुडवलेली चिंधी आसावरून फिरवायची, हे मी चालायला लागल्यापासून पाहत आलो. कुणी एरंडीचं वापरी, माझा बाप जवसाचं. माझा हात गेला, नळा काढला, चिंधी बुडवली, खाचांवरून फिरवली. विचार करायला वेळच लागला नाही, म्हणून तर लक्षातही राहिलं नाही. डेपोची सहा वर्षं डोक्यात राहिली आणि हात बंडीवानाचा तो बंडीवानाचाच.

बापानं जवळ येऊन वास घेतला. हसेल वाटलं होतं, हसला नाही. "बंडीले रोज ओंगन लागते," म्हणाला. "आजचं तेल कालच्याले धुऊन नेते. तू एकदा लावलं अन् झाकन बंद करून टाकलं. जवस हाय तो, बसल्या जागी वाळते." मग विचारलं, "बाईले सांगशीन ना?"

मी म्हटलं, साफ करून देतो, चालेल झकास, मग सांगायचं काय? खरं सांगतो, मनात पूर्ण बेत तयार होता. रॉकेलनं खाचा धुवायच्या, नीट ग्रीस लावायचं, आणि म्हणायचं, बाई, मुंबईची प्लेटच खोटी निघाली. किंवा काहीच म्हणायचं नाही. गाडी चालली की बाईंना वाटेल सरावानं पाय सुधारला. त्यांचीही खुशी, माझंही नाव राहतं. कुणाचं काय गेलं?

त्या संध्याकाळी आम्ही वंदनेला बसलो. तेव्हा आमच्याकडे विहार म्हणजे एका घराची ओसरी, समोर तसबीर, आणि सगळ्यांना नुकतंच पाठ झालेलं पंचशील. नवं होतं, म्हणून प्रत्येक शब्द चावून म्हणायचो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मी नुसते ओठ हलवले. बाजूला बाप मोठ्यानं म्हणत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, रिकाम्या कोनाड्याकडे गेलेला हात हा माणूस रोज मागे घेतो, साठी उलटल्यावर घेतो, आणि आपल्याला एक वाक्य बोलवत नाही. मला माझी लाज वाटली. अशी लाज फार बरी असते, ती माणसाला उठवते.

सकाळी दवाखान्यात गेलो. बाई बाहेर उन्हात हात पुसत उभ्या होत्या. बोटावर तो तपकिरी डिंक मी मुद्दाम ठेवला होता, तो दाखवला आणि एका दमात सगळं सांगितलं. नळा, चिंधी, बाप, ताडपत्रीखालचे चार महिने, सगळं. त्यांनी माझं बोट धरून पाहिलं, रोग्याचं पाहतात तसं.

मग म्हणाल्या, "म्हणजे माझा पाय बरोबर होता?"

"बरोबर होता बाई. चूक माह्या हाताची होती."

मला वाटलं आता म्हणतील, जाऊ द्या, होतं असं. पुण्याकडची माणसं सभ्य असतात. पण त्यांचा चेहरा लाल झाला. आवाज चढवला नाही, पण एक एक शब्द तोलून म्हणाल्या, "दोन महिने मी सगळ्या गावाची माफी मागत फिरले. आता ज्याला ज्याला तुम्ही माझ्या पायाचं सांगितलंत, त्याला त्याला हेही सांगायचं. माझ्यासमोर."

सांगितलं. गाडी जोडून झाल्यावर पहिला कंपौंडर, मग पानवाला, मग बसस्टँडवर ड्रायव्हर. कंपौंडरनं विषय बदलला, पानवाल्यानं सुपारी कातरणं थांबवलं नाही. ड्रायव्हर तेवढा हसून म्हणाला, मिस्त्री, हे तं तू मनातल्या मनात ठेवू शकला असता. बाई शेजारी उभ्या. माझ्या कपाळावर थंडीत घाम. पण एक सांगतो, पहिल्या माणसाला सांगताना जीव जातो, तिसऱ्याला सांगेपर्यंत हलकं वाटायला लागतं. पुढं आयुष्यभर माझ्या शेडवर लोक येत राहिले ते याचमुळे, असं बाप म्हणायचा. हा मिस्त्री आपली चूक सांगते, मग दुसऱ्याची सांगते ते खरं असन.

आता माझ्या डोळ्यांना कमी दिसतं, पण आंजीचा तो सकाळचा रस्ता लख्ख दिसतो. आंजीचे गाडीवान बाकी होते ना. बाईंनी मला शेजारी बसवलं आणि बुटकी काढली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, वेचणाऱ्या बायका ओटीत कापूस भरून गरोदर दिसत होत्या, त्यातल्या दोघीतिघी खरंच गरोदर होत्या आणि त्यांनी बाईंना हात केला. धुऱ्याच्या बांधावर तुरी उभ्या. हवेत कापसाचा आणि सरकीचा तो कोरडा वास. मी गिअरच्या आवाजाकडे कान लावून बसलेलो, आवाजच येत नव्हता.

नाल्याच्या चढावर समोरून बंड्या आल्या. सहा की सात. पुढच्या बंडीवरच्या म्हाताऱ्या गाडीवानानं आम्हाला पाहिलं आणि कासरा बंडीला बांधून खाली उतरायला लागला. मागच्यांना हाक मारली, चला रे, बाईची गाडी उचला.

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. मग क्लच दाबला, गिअरचा दांडा मागं ओढला, आणि बुटकी काही न बोलता, जराही न दचकता, मागं मागं गेली, चांगली पन्नास पावलं, आणि बाभळीखाली जाऊन उभी राहिली. बैलांनी मानही हलवली नाही. बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आता बोला."

मी सीटवर उभा राहिलो. बिनछपराच्या गाडीचा तेवढा एक फायदा. एकेक बंडी शेजारून जात होती आणि मी प्रत्येकीला सांगत होतो, की बाईचा पाय बरोबर होता, मी आत जवसाचं ओंगण लावलं होतं, चूक माझी. म्हाताऱ्या गाडीवानानं बंडीवरून मला खालून वर पाहून घेतलं आणि म्हणाला, "तं मग त्या दिवशी आम्ही गाडी फुकटच उचलली म्हना की. तुलेच उचलून नाल्यात टाकाले पाह्यजे होतं."

बाई हसल्या. दिवाळीपासून पहिल्यांदा हसल्या. शेवटच्या बंडीतून वाऱ्यानं एक पुंजका सुटून आमच्या पायाशी पडला. तो उचलायला मी खाली वाकलो, तेव्हा मला दिसलं, बाईंच्या पायात चपला होत्या. दोन्ही पट्टे घट्ट बांधलेले. आणि डावा पाय आंजीला निघण्यासाठी क्लचवर ठेवलेला.